रानडुकरं हाकणारा संत

ख्रोनिस चेहरा काढायला घ्यायचा तो नाकापासून. आधी नाकाची लांबी ठरवायची. मग कर्कटकाचं टोक दोन डोळ्यांच्या मधोमध रोवायचं आणि एका नाकाएवढ्या अंतरावर पहिलं वर्तुळ फिरवायचं. त्यात कपाळ, डोळे आणि गाल बसतात. दोन नाकांचं दुसरं वर्तुळ, त्यात केस आणि दाढी. तीन नाकांचं तिसरं, ते वलय. बापानं शिकवलं ते एवढंच, आणि एवढ्यावर त्याची उभी हयात गेली. संतांचे चेहरे काढणाऱ्याला याहून जास्त भूमिती लागत नाही. लागतो तो हात, आणि पहाटे उठून चुना मळायची तयारी.

तिसऱ्या वर्तुळाशिवाय डोकं त्यानं कधी काढलंच नव्हतं. एकदा गावातल्या, म्हणजे वेलानोरेमातल्या, न्हाव्यानं दुकानावर पाटी रंगवून मागितली. दाढी करून घेणारं गिऱ्हाईक छान उतरलं, पण डोक्यामागे वलय आलं. न्हावी कारागिराला मारायची हाक मारून म्हणाला, "मास्तोरा, माझ्याकडे येणारी माणसं मला ठाऊक आहेत. हे काढ." ख्रोनिसनं वलयाला चौकट घातली आणि त्याचा आरसा केला. पाटी अजून तिथेच आहे. आरसा काहीसा जास्तच चमकतो.

आसपासच्या डोंगरांतली वाटेवरची देवळं, शेताच्या बांधावरच्या घुमट्या, मोठ्या चर्चांच्या बाजूच्या भिंती, हे सगळं त्यानं रंगवलं होतं. घुमट मात्र एकही नाही. घुमट म्हणजे मधोमध, वर, सगळ्यांकडे खाली बघणारा देवाचा चेहरा. चित्रकार घुमट रंगवतो तेव्हा पोरंटोरंसुद्धा मान मोडून त्याचं काम बघतात. बाजूच्या भिंतीवरच्या संताला लोक पाठ टेकून उभे राहतात. ख्रोनिसच्या संत निकोलसचा गुडघा लोकांच्या कोटांनी घासून पांढरा पडला होता.

आणि गावातच घुमट रिकामा होता. भूकंपात पनागियाच्या, म्हणजे देवाच्या आईच्या, चर्चचा जुना गिलावा देवासकट खाली आला. घुमट दुरुस्त झाला, चुना लागला, आणि तसाच राहिला. बायका वर बघून प्रार्थना करायच्या आणि वर कोणी नव्हतं. पाद्री पापा-स्ताथिस दर वर्षी म्हणायचे, "यंदा ईस्टर होऊ दे, ख्रोनिस, मग बघू." या वर्षी मात्र ते म्हणाले होते, "ईस्टर झाला की परांची बांध." ख्रोनिसनं घरी येऊन बायकोला हे तीनदा सांगितलं. देस्पो म्हणाली, "परांची बांधलीस की मला सांग. तोवर लाकडं फोड."

ईस्टरला अजून पुष्कळ अवकाश होता. सप्टेंबर चालू होता. अशात थिमिओसनं त्याला बोलावलं.

थिमिओसची खानावळ चौकात, मोठ्या झाडाखाली. रानडुकराचं मांस, लहान कांदे आणि वाइन घालून तासन् तास शिजवलेलं, ही त्याची खासियत. मागची मोठी भिंत वर्षानुवर्षं धुरानं काळी पडली होती. थिमिओसनं खतांच्या कंपनीचं एक कॅलेंडर टेबलावर ठेवलं. त्यावर जुन्या मातीच्या भांड्याचं चित्र होतं. इराक्लिस, ज्याला बाकीचं जग हर्क्युलिस म्हणतं, खांद्यावर जिवंत रानडुक्कर घेऊन उभा. समोर जमिनीत पुरलेला रांजण. रांजणात लपलेला राजा, ज्यानं त्याला ते डुक्कर आणायला पाठवलं होतं. राजाचं फक्त डोकं आणि दोन हात बाहेर. बाजूला अथेना देवी.

"आपल्याच डोंगरावर धरलं होतं त्यानं ते," थिमिओस म्हणाला. "एरीमान्थोसवर. बाहेरून माणसं येतात, विचारतात, आणि मी त्यांना काय दाखवतो? काळी भिंत. मला हे हवंय. असंच्या असं."

ख्रोनिसनं कॅलेंडर लांब धरून पाहिलं, मग जवळ धरलं. "सगळे बाजूनं का उभे आहेत?"

"जुन्या लोकांची तशी पद्धत होती."

"एकच डोळा दिसतो."

"दुसरा पलीकडे असेल की."

"थिमिओस, आमच्यात एका डोळ्याचा माणूस म्हणजे जुडास. नाहीतर सैतान. भल्या माणसाचे दोन्ही डोळे दिसले पाहिजेत, म्हणजे तो तुझ्याकडे बघतो आणि तू त्याच्याकडे. हा डुक्कर धरणारा भला आहे की वाईट?"

"भला रे. शेवटी तर तो स्वर्गात गेला. चितेवरून थेट वर. मागच्या पानावर छापलंय."

"मग समोरून काढीन. आणि हा उघडा का?"

"त्या वेळी सगळे उघडेच हिंडायचे."

"डोंगरावर? डुक्कर धरायला?" ख्रोनिसनं कॅलेंडर खाली ठेवलं. "काटेरी झुडपं काय हे भांडं रंगवणाऱ्याच्या अंगणात होती?"

थिमिओसनं हात टेकले. कपडे घाल, डोळे दोन काढ, पण डुक्कर मोठं काढ, एवढ्यावर सौदा झाला.

धुरकट भिंत खरवडणं हे रंगवण्यापेक्षा मोठं काम असतं. ते कोणी बघत नाही आणि त्याबद्दल कोणी शाबासकी देत नाही. ख्रोनिसनं जुना गिलावा दगडापर्यंत उतरवला. पहिल्या थरात बारीक पेंढा घातला, दुसऱ्यात शेळीचे केस, म्हणजे भेग पडत नाही. चुना त्याच्या स्वतःच्या खड्ड्यात मुरलेला होता, दह्यासारखा. थिमिओस मधूनमधून येऊन विचारायचा, "चित्र कधी सुरू करतोस?" ख्रोनिस म्हणायचा, "सुरू झालंय. तुला दिसत नाही, तो तुझा दोष."

डुक्कर पटकन झालं. राजाही झाला. रांजणात उभा माणूस, वर केलेले दोन हात, हे त्याला अवघड नव्हतं. बाप्तिस्म्याच्या कुंडात उभे राहिलेले लोक त्यानं कितीतरी काढले होते. अथेनाच्या डोक्यावरचं शिरस्त्राण त्याला बाईमाणसाला शोभणारं वाटलं नाही. त्यानं तिला डोक्यावरून पदर दिला, गडद लाल, कपाळावर आणि खांद्यांवर एकेक चांदणी.

मग इराक्लिसचं डोकं. त्यानं नाक ठरवलं, टोक रोवलं. एक वर्तुळ, दोन वर्तुळं. ओल्या गिलाव्यात कर्कटकाची चर पडत गेली. तिसरं वर्तुळ हातानं आपणहूनच फिरवलं. ख्रोनिस त्या वेळी चुना घट्ट व्हायच्या आत चेहरा पुरा होईल का याचा विचार करत होता.

आधी हिरव्या मातीचा गडद थर. त्यावर पिवडी, म्हणजे पिवळी माती, त्यावर पिवडीत थोडा पांढरा, दर वेळी कमी जागेवर. चेहरा अंधारातून हळूहळू वर येतो, अशी ही रीत आहे. डोळ्यांशी आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, याचा नमुना आपल्याकडे नाही. संत निकोलसचा नमुना होता, संत जॉर्जचा होता, प्रत्येकाच्या भुवया बापानं ठरवून दिल्या होत्या. या माणसाच्या भुवया कोणीच ठरवल्या नव्हत्या. ख्रोनिसनं त्या आपल्या मनानं काढल्या. दिवसभर जड ओझं वाहून आणलेला, आणि ते कुठे टेकवू असं विचारणारा माणूस. त्या डोळ्यांत राग नव्हता.

उतरून तो मागे गेला आणि खुर्चीवर बसला. एवढा चांगला चेहरा त्याच्या हातून आजवर झाला नव्हता. हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. फक्त दोन्ही बाजूंना नाव लिहिलं, संतांना लिहितात तसं, कारण नाव लिहिल्याशिवाय चित्र पुरं होत नाही.

थिमिओस आला. 

"डोक्यामागे काय आहे?"

"कुठे?"

"ते पिवळं."

ख्रोनिसनं पाहिलं. "डोंगरामागचा सूर्य," तो म्हणाला.

"अथेनाच्याही मागे आहे."

"तीही डोंगरावरच उभी आहे."

गारुफालिया मावशी खानावळीत अंडी विकायला यायची. वय झालेलं, एक डोळा दुधाळ, वाचता येत नाही. दारातून आत आली, टोपली खाली ठेवली आणि भिंतीसमोर क्रॉसची खूण केली. एकदा नाही, तीनदा.

"मावशी, तो इराक्लिस आहे," थिमिओस म्हणाला.

"मला माहीत आहे कोण आहे तो. डुक्कर धरलंय, दिसतंय की. शेजारी पनागिया आहे. कुंडात माणूस बाप्तिस्मा घेतोय." तिनं थिमिओसकडे अशा नजरेनं बघितलं, जशी ती नास्तिक जावयाकडे बघायची. "त्रिफोन संत कीड मारतो. उंदरांचा वेगळा आहे. डुकरांचा एवढ्या दिवसांत का नव्हता, हेच मला कळत नव्हतं."

तिच्या बटाट्याच्या शेताचा तुकडा ओढ्याच्या काठी होता. दर वर्षी रानडुकरं उतरून तो नांगरल्यासारखा उलटा करायची. त्या संध्याकाळी तिनं भिंतीखाली, मिठाच्या बरणीशेजारी, तेलाचा दिवा लावला. थिमिओसनं तो विझवला नाही. अंडी ताजी असायची.

डुकरं आली नाहीत.

आता, सप्टेंबरात शिकारीचा हंगाम सुरू होतो. भिंत बघायला म्हणून लांबून माणसं येऊ लागली होती, आली की जेवत होती, आणि काय जेवत होती ते वर सांगितलंच आहे. थिमिओसला मांस पुरेना. डोंगरातला प्रत्येक बंदूकवाला त्याच्यासाठी रान तुडवत होता. डुकरांना खाली उतरायला फुरसत नव्हती. पण हे बटाट्याच्या शेतात उभं राहून दिसत नाही. गारुफालिया मावशीनं पोतं भरून बटाटे काढले आणि नवस फेडला. डुकराचा छाप असलेला टिनचा पत्रा तिनं सोनाराकडून खास करवून घेतला, कारण बाजारात हात, पाय, डोळे, गाय, मूल एवढेच छाप मिळतात. तो तिनं खिळा ठोकून इराक्लिसच्या पायाशी टांगला. पुढच्या आठवड्यात तिथे आणखी पत्रे आले. मक्याचं कणीस होतं. एक ट्रॅक्टरही होता.

"मास्तोरा, लोकांना सांग काहीतरी," थिमिओस म्हणाला. तक्रारीच्या सुरात, पण फार नाही. सगळी टेबलं भरलेली होती.

"मी काय सांगू? मी इराक्लिस लिहिलंय. वाचा म्हणावं."

पापा-स्ताथिस खानावळीत जात नसत. तिकडचे पाद्री संसारी असतात, आणि बायकोनं त्यांना पोटाचं पथ्य लावलं होतं. त्यांना हे कळलं ते पोस्टमनकडून. पोस्टमनचं नाव इराक्लिस. गावात प्रत्येकाचा नावाच्या संताच्या दिवशी सत्कार होतो, लोक घरी येतात, मिठाई होते. याच्या नावाचा संतच नव्हता. आयुष्यभर तो दुसऱ्यांच्या घरी मिठाई खाऊन आला. आता तो टोपी हातात धरून चर्चच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "पापा, माझा दिवस कोणता धरायचा ते सांगा. बायकोला बदाम आणायचे आहेत."

पापा-स्ताथिस तसेच, साफसफाईचं एप्रन न सोडता, चौकात आले. दिवा बघितला. पत्रे बघितले. इराक्लिसकडे बघताना त्यांचा उजवा हात आपोआप कपाळाकडे निघाला. तो त्यांनी मध्येच थांबवून कान खाजवला. ख्रोनिसला ते दिसलं.

"ख्रोनिस, तू मूर्तिपूजकाला वलय दिलंस?"

"सूर्य आहे तो, पापा."

"मी काय आज पाद्री झालो?"

"हात फिरला. हाताला वळणच तसं आहे."

"तर हाताला सांग, नाताळच्या आत हा माणूस पुन्हा माणूस झाला पाहिजे. त्याच्यापुढे कोणी खूण करता कामा नये." मग हळू आवाजात, "वरिष्ठांकडून घुमटाची परवानगी यायची आहे. बिशपच्या कानावर गेलं, की वेलानोरेमात डुकरांच्या संताला दिवे लागतात आणि ते चित्र याच चित्रकारानं काढलंय, तर घुमट दुसरा कोणी रंगवेल. मला तुझ्यासाठी भांडता येणार नाही. कळलं?"

ख्रोनिसला कळलं. घुमट हे नाव निघाल्यावर त्याला सगळंच पटकन कळायचं.

त्यानं वलयावर डोंगराचा रंग दिला. दगडी करडा, दोन हात. पण ओल्या गिलाव्यात कर्कटकानं पाडलेली चर तशीच होती. संध्याकाळी दिवा खालून लागला की चरीची कड उजळायची आणि करड्या डोंगरातून वलय बाहेर यायचं. आधी ते नुसतं पिवळं होतं. आता ते उगवायचं.

"दिवसा झाकून ठेवतोय," गारुफालिया मावशीनं इतर बायकांना समजावलं. "नम्र आहे तो."

पापा-स्ताथिस म्हणाले, "कपडे काढ त्याचे. उघड्या माणसापुढे आमच्या बायका खूण करणार नाहीत. कॅलेंडरवर तो उघडाच आहे, थिमिओसनं मला दाखवलं."

ख्रोनिसला उघडं शरीर काढायची सवय नव्हती असं नाही. वाळवंटात राहणारे, मुळं खाऊन जगणारे तपस्वी त्यानं भरपूर काढले होते. शरीर म्हणजे बरगड्या, आत गेलेलं पोट, काटकुळे हात, हे त्याला पाठ होतं. त्यानं इराक्लिसचा अंगरखा खरवडून काढला आणि खाली ते शरीर काढलं. कमरेला लाजेपुरतं सिंहाचं कातडं ठेवलं. जगातला सगळ्यात दणकट माणूस आता खांद्यावर घोड्याएवढं डुक्कर घेऊन उभा होता आणि त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या.

गारुफालिया मावशीचे डोळे भरून आले. "उपासानं किती वाळलाय बघा," ती म्हणाली. "आणि एवढं मांस खांद्यावर आहे. एक घास खात नाही."

नाताळच्या आधी मांस सोडायचा उपास असतो; त्या वर्षीच्या उपासात खानावळीत पहिल्यांदाच लोक फक्त डाळ आणि ऑलिव्ह मागू लागले. इराक्लिसच्या समोर बसून मांस खायची लाज वाटते, म्हणाले. थिमिओस ख्रोनिसकडे आला. "त्याला पुन्हा कपडे घाल," तो म्हणाला, "माझा धंदा बसतोय."

पापा-स्ताथिस शेवटी म्हणाले, "मान फिरव त्याची. बाजूनं काढ. एक डोळा."

"ते मी करणार नाही."

"का?"

"त्यानं काही वाईट केलेलं नाही."

पापा-स्ताथिस वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त पथ्य होतं आणि बिशप होता. "मग गिलावा कर," ते म्हणाले. "सगळ्यावर. ईस्टरच्या आधीचा मोठा उपास सुरू व्हायच्या आत. भिंत पांढरी झाली की मी बिशपना पत्र पाठवतो. नाही झाली, तर नाही."

ख्रोनिस घरी आला. देस्पो शेंगा सोलत होती. त्यानं सांगितलं.

"कर मग गिलावा," ती म्हणाली. "त्यात काय? एक भिंत."

"चेहरा चांगला झालाय, देस्पो."

"तुझे सगळेच चेहरे चांगले असतात. सगळे एकसारखे."

"हा नाही."

तिनं शेंगा खाली ठेवल्या. लग्नापासून तिनं नवऱ्याला स्वतःच्या कामाबद्दल बढाई मारताना रोज ऐकलं होतं. या आवाजात कधी ऐकलं नव्हतं. "तुला घुमट हवाय की हा चेहरा?" तिनं विचारलं.

त्यानं एक शेंग उचलून सोलली. उत्तर दोघांनाही माहीत होतं. त्याला ते आवडलं नाही, एवढंच.

गिलावा त्यानं स्वतः केला. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. जुन्या रंगावर नवा चुना धरत नाही. आधी भिंतीला हातोडीच्या टोकानं खाचा पाडाव्या लागतात, सगळीकडे, सारख्या अंतरावर. डुकराला पाडल्या, राजाला पाडल्या. चेहऱ्याशी आल्यावर थांबला. पट्टी काढून नाकाची लांबी मोजली, ती ठाऊक असूनही. मग चेहऱ्याला एकही खाच न पाडता त्यावर थापी फिरवली. असा गिलावा फार टिकत नाही. चांगला कारागीर तसं करत नाही, आणि ख्रोनिसनं आयुष्यात दुसऱ्यांदा कधी केलं नाही.

गारुफालिया मावशी दारातून बघत होती. तिनं अंड्यांची टोपली उचलली आणि न विकता घरी नेली.

शिकारीचा हंगाम त्याआधीच संपला होता. बंदुका कपाटात गेल्या होत्या. मार्चमध्ये लोकांनी बटाट्याचं बेणं लावलं आणि डुकरं खाली आली. हंगामाची तारीख सगळ्यांना पाठ होती, पण ती कोणाच्या तोंडी आली नाही. भिंत पांढरी झाल्याची तारीख मात्र सगळ्यांच्या तोंडी होती. ओढ्याकाठचे तुकडे गेले. मग नदीपलीकडे पापा-स्ताथिसचं शेत होतं, अक्रोडाच्या झाडाजवळ. तिथे बटाटे होते, चणे होते, आणि पथ्याला चालणारी एकमेव भाजी होती. डुकरांनी सगळं उकरलं. त्यांनी पुन्हा लावलं. डुकरं पुन्हा आली. बायका चर्चमध्ये त्यांच्या हाताचं चुंबन घ्यायच्या, पण ओठ टेकवायच्या नाहीत.

"पापा, शेताला काटेरी कुंपण घाला," ख्रोनिस म्हणाला.

"घातलंय," ते म्हणाले. "तू परांची बांध."

पत्र गेलं होतं, परवानगी आली होती. ईस्टर झाला आणि परांची उभी राहिली.

घुमटात कर्कटक चालत नाही. मध्ये खिळा ठोकायचा आणि दोरी फिरवायची. नाक हाताएवढं लांब. बाकी सगळं त्या नाकाच्या हिशेबात आपोआप मोठं होतं, हीच या रीतीची मेहेरबानी. उताणं पडून, मान मागे टाकून काम. चुन्याचा थेंब डोळ्यात जातो, हात खांद्यापासून बधिर होतो, आणि गिलावा तुमच्यासाठी थांबत नाही. यासाठीच आयुष्यभर वाट पाहिली का, असा प्रश्न ख्रोनिसला पहिल्याच दिवशी पडला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वर गेला.

बापानं ठरवून दिलेला घुमटातला चेहरा कडक होता. भुवया जवळ, कपाळाला आठी. हिरवा थर दिला, पिवडी दिली, पहिला डोळा झाला. दुसरा डोळा करताना त्याच्या लक्षात आलं की भुवया जवळ आलेल्या नाहीत. दिवसभर जड काहीतरी वाहून आणलेला माणूस वरून खाली बघत होता, आणि ते कुठे टेकवू असं विचारत होता. पुसायला वेळ होता. गिलावा ओला होता. ख्रोनिसनं कुंचला तोंडात धरला, हात झटकला आणि दाढी करायला घेतली.

परांची पनागियाच्या सणाच्या आदल्या दिवशी उतरवली. ऑगस्टच्या पंधरा तारखेला गाव फुगतं. अथेन्सला गेलेले येतात, जर्मनीला गेलेले येतात, नवी गाडी चौकात लावतात आणि चर्चमध्ये उभं राहायला जागा मिळत नाही. ख्रोनिस मागे, स्वतःच्या संत निकोलसला पाठ टेकून उभा होता.  पापा-स्ताथिसनं अजून वर बघितलं नव्हतं. सणाच्या गडबडीत त्यांना फक्त फरशीवर सांडलेला चुना दिसला होता. त्यांच्या एका शब्दावर परांची पुन्हा चढणार होती, आणि वर दुसरा कोणी असणार होता.

लोकांनी माना वर केल्या. जर्मनीवाले म्हणाले, छान झालंय. गाववाले एकेक करून गप्प होत गेले.

गारुफालिया मावशीनं चांगला डोळा वर लावला. दुधाळ डोळा झाकून घेतला.

"वर गेला," ती म्हणाली. आणि खूण केली, तीनदा.

"म्हटलं नव्हतं, शेवटी वर जातो," थिमिओस कोणाला तरी पुटपुटला. "मागच्या पानावर आहे." पोस्टमननं टोपी काढली होती, ती छातीशी धरली.

पापा-स्ताथिस धूपदाणी हलवत मधोमध आले आणि थांबले. त्यांनी वर बघितलं. आधी सहज, मग नीट. मग त्यांनी मागच्या गर्दीत ख्रोनिसला शोधून काढलं. साखळीचा आवाज थांबला. ख्रोनिसनं नजर खाली घातली नाही. घालावीशी वाटत होती, पण मान परांचीवरच्या कामानं ताठली होती.

"हा कोण आहे?" पापा-स्ताथिसनं विचारलं. मोठ्यानं नाही.

"नाव लिहिलंय, पापा," ख्रोनिस म्हणाला. "दोन्ही बाजूंना." आणि खरंच लिहिलं होतं, देवाचं, जे तिथे लिहायला हवं तेच, स्वच्छ अक्षरात.

पापा-स्ताथिसनं ते वाचलं. बायका त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांच्या बुटांना अजून शेतातली माती होती. पहाटे ते कुंपण बघून आले होते. कुंपण आडवं पडलं होतं.

त्यांनी धूपदाणी वर उचलली आणि पूर्ण, सावकाश, तीनदा फिरवली. मग धुराच्या आड, दाढीतल्या दाढीत, फक्त वरच्याला ऐकू जाईल असं म्हणाले:

"माझं शेत नदीपलीकडे आहे. अक्रोडाच्या झाडाजवळ."